पंप चालू असताना

मिसेस ऑल्डरटन यांच्या डाव्या कानात नवं मशीन बसवून रोवेनाने ते नुकतंच चालू केलं होतं, आणि नेमकी तेव्हाच जमीन हलली. फार नाही. पेल्यातलं पाणी थरथरलं, भिंतीवरचं कानाच्या आतल्या भागाचं चित्र तिरकं झालं, छपरावरून कुणी जड माणूस धावत गेल्यासारखा आवाज आला आणि थांबला. वेलिंग्टनमध्ये असल्या धक्क्याला लोक हातातला चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नाहीत. मिसेस ऑल्डरटननी डोळे मोठे केले. "अगं बाई! एवढा आवाज करतं जग? कमी कर, कमी कर जरा." दाराशी बसलेली त्यांची सून खळखळून हसली. रोवेनाही हसली. पण हसताना तिच्या लक्षात आलं की आपण टेबलाखाली आहोत, गुडघ्यांवर, आणि टेबलाचा पाय आपण दोन्ही हातांनी घट्ट धरला आहे. आपण इथे कधी आलो हे तिला आठवेना. "पेन पडलं होतं," ती म्हणाली आणि उठली. सुनेने मान डोलावली, जरा जास्तच समजूतदारपणे.

धक्का संपला की लोकांचा संपत असे, तिचा संपत नसे. त्यानंतर तासन् तास ती कान देऊन राही. धक्क्याच्या आधी जमिनीखालून एक घुर्र येते, जड ट्रक वळणावर चढल्यासारखी. ती बहुतेकांना ऐकू येत नाही, किंवा आली तरी लक्षात राहत नाही. रोवेनाला ती सगळीकडे ऐकू येई. फ्रिजच्या मोटारीत, चढण चढणाऱ्या बसमध्ये, शेजारच्या धुण्याच्या मशीनमध्ये, उशीवर कान टेकला की स्वतःच्याच रक्तात. दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासायचे, आवाज आला की बटण दाबा म्हणायचं, आणि स्वतःच्या कानांवर मात्र काडीचा भरवसा नाही. आपल्याला ऐकू येतं ते खरंच बाहेर आहे की आपल्या आतच कुणी कायमचं घुरघुरत बसलंय, हे तिला कुठल्याही यंत्रावर मोजून बघता आलं नव्हतं.

म्हणूनच तर ती आपत्ती पथकात गेली होती. वस्तीतल्या वस्तीत, हौशी माणसांचं पथक. नारिंगी अंगरखे, शिरस्त्राणं, दर आठवड्याला सराव. पुरात वाळूच्या पिशव्या लावा, वादळात उडालेले पत्रे बांधा, दरड आली की अग्निशमनवाले पोचेपर्यंत लोकांना मागे ठेवा. गॅरेथला, तिच्या नवऱ्याला, हे कळत नव्हतं. "पोहता येत नाही म्हणून कुणी समुद्रात राहायला जातं का गं?" तो म्हणाला होता. तिच्या मनात एक हिशेब होता, तो बोलून दाखवला असता तर वेडगळ वाटला असता. संकटात दोनच जातीची माणसं असतात, आतली आणि बाहेरची. नारिंगी अंगरखा घातलेलं माणूस कधी आत नसतं. ते बाहेर उभं असतं, हातात दोरी घेऊन.

आत काय असतं ते तिला माहीत होतं. क्राइस्टचर्चचा मोठा भूकंप झाला त्या फेब्रुवारीत ती तिथेच होती, दुसऱ्या एका दवाखान्यात, आवाजबंद खोलीत. खोली कसली, भिंतींना जाड स्पंज लावलेली पेटीच ती, पेशंटच्या कानावर बाहेरचा एकही आवाज पडू नये म्हणून बांधलेली. जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच आत यंत्र तपासत होती. त्या खोलीत तिला घुर्र ऐकू आली नाही. थेट जमीनच उसळली. दिवा गेला, दार चौकटीत आवळून बसलं. ती ओरडली, आणि आवाज तोंडातून बाहेर पडताच स्पंजात विरून गेला, जणू कुणी उशी दाबली. ती ठोकत राहिली. मुठींनी, बुटांनी, खुर्चीच्या पायाने. भिंतीपलीकडे माणसं चालत होती, हे तिला तळपायांना कळत होतं. पावलं यायची, जायची. कुणालाही काही ऐकू गेलं नाही. संध्याकाळी एका माणसाने मलमपट्टीचं सामान शोधता शोधता ते दार उगाच ओढून पाहिलं आणि म्हणाला, "अरेच्चा, इथे कुणी आहे होय?" एवढंच. तिच्या ठोकण्याचा त्यात काही वाटा नव्हता. लोक म्हणाले, नशीबवान आहेस, तुझ्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. शहरात त्या दिवशी काय काय झालं होतं ते बघता ते खरंच होतं. त्यामुळे त्या पेटीबद्दल ती कुणापाशी कधी बोललीच नाही. पुढे गॅरेथला वेलिंग्टनला नोकरी लागली, ते इकडे आले. इथेही जमीन तीच.

मिसेस ऑल्डरटन गेल्यावर फोन वाजला. पथकाच्या प्रमुखाचा, तिपेने त्याचं नाव. हा एरवी स्वयंपाकघरांची कपाटं बनवतो, अंगाने आडवा, आवाजाने मऊ. "रोवेना, बंदराच्या वरच्या टेकडीवर दरड आलीये. आठवडाभर पाऊस मुरलाय, त्यात हा धक्का. एक घर खाली बसलंय. अग्निशमनवाल्यांच्या गाड्या दुसऱ्या दोन दरडींवर अडकल्यात. रस्ता तेवढा आपण धरायचा. येतेस?" येते, असं तिचं तोंड म्हणालं. ती गाडीत बसली. वाटेत प्रत्येक सिग्नलला तिला वाटलं, इथून उजवीकडे वळावं आणि घरी जावं.

घर जुनं, लाकडी, उतारावर खांबांवर उभं केलेलं. वरची टेकडी पिकलेल्या फळासारखी फुटून त्याच्या पाठीला लागली होती. पुढचे खांब मोडले होते आणि घर गुडघे टेकून बसलेल्या गाईसारखं रस्त्याच्या बाजूला झुकलं होतं. पडदे तसेच होते. खिडकीत एक कुंडी सरळ उभी होती. कुठेतरी पाण्याची मोठी नळी फुटली होती आणि तांबडं पाणी घराच्या पोटाखाली शिरत होतं. शेजारच्या डोरीन पास्को सपाता घालून फाटकाशी उभ्या होत्या आणि येईल त्याला तेच सांगत होत्या. "फिलिपो घरी नाहीये हो. मंगळवारी चर्चच्या म्हाताऱ्यांची बस येते ना, तिच्यातून जातो तो. मीच बघते दर मंगळवारी. आणि सकाळपासून टीव्ही बंद आहे, म्हणजे नाहीच तो घरी. एरवी त्याचा टीव्ही खाली बस थांब्यापर्यंत ऐकू येतो. किती वेळा सांगितलं, कमी कर बाबा, कमी कर. हसतो नुसता."

"देवाची कृपा," मॉयरा म्हणाली. मॉयरा गिलेस्पी, पथकातलीच, निवृत्त नर्स, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. "चल गं पोरी, घर रिकामं असलं की निम्मं काम झालं. पंप लावू." त्यांनी पेट्रोलवरचा छोटा पंप घराच्या काँक्रीटच्या पायरीवर ठेवला. पाणी उपसून गटारात सोडायचं, म्हणजे खालचा रस्ता वाहून जाणार नाही. पंप धडधडू लागला. रोवेना नळी ओढत घराच्या कडेने गेली आणि तिला ठोका ऐकू आला.

ठोका. ठोका. मग दम खाल्ल्यासारखी विश्रांती. पुन्हा ठोका.

"तिपेने," ती म्हणाली, "आत कुणीतरी ठोकतंय." तिपेनेने तिच्याकडे पाहिलं. मागच्या उन्हाळ्यात सरावाच्या वेळी, रिकाम्या गोदामात, तिने असाच हात वर केला होता आणि सगळ्यांनी अर्धा दिवस विटा उपसल्या होत्या. खाली काही नव्हतं. तेव्हापासून पथकात तिला लाडाने 'कान' म्हणत. पण तिपेने हसला नाही. त्याने शिटी वाजवली, पंप बंद केला, सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं. नियमच तसा. मग तोंडाशी हात धरून ओरडला, "कुणी आहे का आत? ऐकू येत असेल तर ठोका!"

सगळे थांबले. वारासुद्धा थांबल्यासारखा वाटला. पाणी तेवढं झुळझुळत होतं. रोवेनाने श्वास रोखला. काही नाही. तिपेनेने पुन्हा हाक दिली. काही नाही. "पंपाचाच आवाज असेल," तो हळूच म्हणाला. "लाकडावर आदळतो तो." आणि त्याने पंप चालू केला.

आणि ठोका आला.

या वेळी ती काही बोलली नाही. नळी धरून उभी राहिली. तिला वाटलं, झालं. इतकी वर्षं ज्याची भीती होती ते झालं. हे घर रिकामं आहे आणि ठोकतेय ती मीच, त्या पेटीच्या आतून. पुन्हा बोलावं तर ही माणसं माझ्यावर विश्वास ठेवून आत शिरतील, वरून टेकडी येईल, मॉयरा मरेल, तिपेनेची दोन लहान पोरं आहेत, आणि आत सापडेल ती एक रिकामी बादली, पाण्यावर आपटणारी. न बोलावं तर? न बोललं तर काहीच होणार नाही. कुणाला कधी कळणारही नाही. सगळ्यात जास्त भीती तिला याची वाटली, की न बोलणं किती सोपं आहे. पंप धडधडत होता, डोरीनबाई नव्याने आलेल्या कुणाला तरी सांगत होत्या, "टीव्ही बस थांब्यापर्यंत ऐकू येतो हो..." आणि ते वाक्य, जे तिने मघाशी नुसतं कानावरून जाऊ दिलं होतं, तिच्या आत कुठेतरी अडकलं.

ज्याचा टीव्ही बस थांब्यापर्यंत ऐकू जातो, त्याला तिपेनेची हाक कशी ऐकू जाईल? त्याला काही ऐकूच येत नसेल. त्याला कळत असेल ते फक्त अंगाला. पंप पायरीवर धडधडतो, पायरी घराला जोडलेली, घर त्याच्या पाठीला. धडधड आली की तो म्हणत असेल, माणसं आली. आणि आपण त्याच्यासाठी सगळं शांत केलं, की त्याला वाटत असेल, गेली.

"तिपेने!" तिचा आवाज फाटला. "पंप बंद नको करू. जोरात चालव. आणि इकडे ये, हात ठेव." घराचा एक खांब अजून उभा होता. तिने त्यावर तळवा टेकवला. तिपेने आला, त्याने आपला रुंद पंजा तिच्या हाताशेजारी ठेवला. पंपाची बारीक थरथर लाकडातून येत होती, मुंग्यांसारखी. आणि त्या थरथरीमधून, स्पष्ट, खालून वर, ठोका. ठोका. विश्रांती. ठोका. तिपेनेने खांबावरचा हात काढला नाही. "आईशप्पथ," तो म्हणाला.

मग सगळं भराभर झालं आणि तिच्या मनाविरुद्ध झालं. अग्निशमनवाल्यांना निरोप गेला, त्यांना यायला वेळ होता, पाणी मात्र थांबत नव्हतं. खांबांमागे घराखालच्या खोलीची फळी होती. तिपेनेने ती पहारीने उचकटली. भोक निघालं, पण त्याचे खांदे त्यात मावेनात. त्याने बॅटरी आत मारली. "दिसतोय. पाय तुळईखाली आहेत. पाणी गळ्याशी आलंय त्याच्या." त्याने मागे वळून पाहिलं. मॉयरा स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती. कुणी रोवेनाचं नाव घेतलं नाही. तिची ती अंगकाठी, शाळकरी पोरीसारखी, ती मात्र सगळ्यांना दिसत होती. "नियमाप्रमाणे आपण आत जायचं नसतं," तिपेने म्हणाला. "मी तुला सांगणार नाही जायला. खरंच सांगणार नाही."

मला जमणार नाही, असं ती म्हणाली. स्पष्ट म्हणाली, सगळ्यांनी ऐकलं. आणि म्हणता म्हणता खाली बसून तिने डोकं भोकात घातलं.

आत ओल्या मातीचा आणि रॉकेलचा वास होता. कोपरं चिखलात रुतत होती, पाठीला वरच्या फळ्या घासत होत्या. इथे आवाज वेगळा होता, जवळचा, कोंडलेला. तो तिला ओळखीचा होता. ती हुंदके देत सरपटत होती आणि हुंदके आपले आहेत हे तिला जरा उशिरा कळलं. म्हातारा पाठीवर आडवा होता. मोठा, पांढऱ्या केसांचा, चर्चला जायचा इस्त्रीचा शर्ट घातलेला, एका हातात रंगाच्या डब्याचं झाकण, त्यानेच तो वरच्या लाकडावर ठोकत होता. उजेड डोळ्यांवर येताच त्याने झाकण टाकलं. ती जवळ जाऊन ओरडली, "मी रोवेना! पथकातली!" त्याने नुसतं पाहिलं. तेव्हा तिने डोक्यावरचा दिवा काढून स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवला. तो चेहरा बघून म्हाताऱ्याने, बहिरी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात विचारलं, "बस गेली का गं?"

त्याची मान थकली होती. डोकं मागे कलंडलं की पाणी तोंडात जात होतं. तिने त्याच्या मानेखाली हात घातला आणि उचलून धरलं. जड डोकं, गरम. बाहेरून तिपेने ओरडला, "तसंच धर! येतायत ते! येतायत!" तिला करायचं होतं ते एवढंच, पण ते संपत नव्हतं. म्हणून ती बोलू लागली. आधी नेहमीचं, घाबरू नका, माणसं येतायत. मग ते संपलं आणि तोंड तर थांबेना. ती त्या पेटीबद्दल सांगू लागली. स्पंजाचा वास कसा होता, खुर्चीचा पाय कसा मोडला, पावलं कशी यायची आणि जायची, दुपारनंतर आपण देवाला कशा शिव्या दिल्या आणि त्यानंतर कशी गयावया केली. रात्री गॅरेथ झोपला की आपण जमिनीला कान लावून कसं बसतो. हा अंगरखा आपण कशासाठी घातला. आत्ता याला इथेच टाकून पळावंसं किती वाटतंय. श्वास घ्यायला ती थांबली की म्हातारा डोळे मिटून, गंभीरपणे, पुटपुटत होता, "आमेने," त्याच्या भाषेतलं आमेन. ती पुन्हा सुरू करी. ती थांबली की पुन्हा, "आमेने." याचं शेवटचं चाललंय, तिला वाटलं. मरताना माणूस प्रार्थना करतो तसं.

तेवढ्यात घुर्र आली. या वेळी तिला शंकाच नव्हती. आली आणि मागोमाग घर हललं, वरून माती तिच्या मानेवर पडली, कुठेतरी लाकूड कडाडलं. तिचं सगळं अंग भोकाकडे वळलं. कमर, पाय, चेहरा, सगळं. वळला नाही तो फक्त उजवा हात, कारण त्यावर एक डोकं होतं आणि हात काढला असता तर ते पाण्यात गेलं असतं. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. हात काढता येत नव्हता, इतकंच. अंग पळत होतं आणि हात तिथेच होता. धक्का गेला. म्हाताऱ्याने पाण्यातून आपला पंजा वर काढला आणि तिच्या गालावरची माती पुसली. त्या पंजाला चिखल लागलेला असल्यामुळे गाल आणखीच माखला.

किती वेळाने कोण जाणे, मागून कुणीतरी तिच्या बुटाला हात लावला आणि एक अनोळखी, सवयीचा आवाज म्हणाला, "आता आमच्याकडे द्या बाई, सावकाश." अग्निशमनवाले आले होते. त्यांनी टेकू लावले, तुळई कापली. तिला बाहेर काढलं तेव्हा उजेड एवढा होता की तिने डोळे झाकून घेतले. ती पायरीखाली ओकली. मॉयराने तिची वेणी धरून ठेवली आणि म्हणाली, "ओक, ओक. सगळं ओक. मी तर लग्नातसुद्धा ओकले होते."

त्याला बाहेर आणलं तेव्हा रस्त्यावर बरीच माणसं जमली होती. डोरीनबाई रडत होत्या. "अरे मंगळवारी बसने जातोस ना तू? गेला का नाहीस मेल्या?" चर्चसाठी घडीची खुर्ची आणायला तो घराखाली गेला होता, असं नंतर कळलं. एक पाय वाईट मोडला होता, तो राहील की जाईल हे कुणी सांगत नव्हतं. रुग्णवाहिकेत चढवताना त्याने हात वर करून स्ट्रेचर थांबवलं आणि बोट रोवेनाकडे केलं. ती गेली.

"पोरी," तो म्हणाला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "कुठली प्रार्थना होती गं ती? एवढी लांब! आमच्या पाद्र्याचीसुद्धा नसते. आमेन म्हणून म्हणून माझा घसा सुकला."

कुणीतरी हसलं. तिपेने हसला. रोवेनाला त्या क्षणी, ओठांच्या कडेला चिखल असताना, सगळ्यांच्या समोर, खोटं बोलणं जड गेलं. ती त्याच्या तोंडासमोर वाकली आणि पेशंटशी बोलायची तिची सवय होती तशी, एकेक शब्द ओठांनी नीट घडवत म्हणाली, "प्रार्थना नव्हती, बाबा. मला भीती वाटत होती. ते सांगत होते."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर, काही अवघड ऐकायला मिळेल अशा अपेक्षेने तयार राहिलेल्या माणसाला सोपंच काही ऐकायला मिळावं, तसा निवांतपणा आला.

"मग तेच की," तो म्हणाला.